वरची आच

नेपल्सच्या लाकूडभट्टीत ४३० अंशांच्या पुढच्या आचेवर पिझ्झा ९० सेकंदांत होतो. खाली तापलेली फरशी, वर तापलेला घुमट. ओट्यावरच्या विजेच्या उघड्या ग्रिलला घुमटच नाही. मग तळ करपतो आणि चीज तसंच राहतं.

अम्मी बिर्याणीला दम देताना झाकणावर निखारे ठेवायची. वरच्या आचेचं मोल तिला ठाऊक होतं. इथे निखारे नकोत, झाकण मात्र हवं. लाटलेली पोळी आधी नुसतीच भाजा, भाकरीसारखी उलटा, भाजल्या बाजूवर सॉस नि चीज पसरा आणि खोलगट झाकण घाला. कांदा, ढोबळी मिरची आधी परतून घ्या, नाहीतर कच्ची खावी लागेल. फ्रोझन पिझ्झा उलटता येत नाही. तो मंद आचेवर, झाकून, धीरानं. झाकण सारखं उचलू नका. आमच्याकडे मुलं नेमकं तेच करतात.