तिघींदा पडलं की डाव सगळ्यांचाच संपतो

आम्ही बिलोलीच्या एका बचत गटातल्या चौघीजणी बोलतोय. एरवी आम्ही या कार्यक्रमात हप्ते, शेळ्या, हळद, नाहीतर दवाखाना यावर बोलतो. आज एका खेळाबद्दल सांगणार आहोत. खेळ कॉम्प्युटरवरचा आहे, राक्षसी जनावरांच्या शिकारीचा. हसू नका. आधी आम्हीही हसलोच होतो.

झालं असं. आमच्यातल्या एकीची लेक नांदेडला कॉलेजात शिकते. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली. रात्री जेवणं झाली की लॅपटॉप उघडायची, कानाला हेडफोन लावायची आणि दबक्या आवाजात बोलायची. "मागं सर." "मी आले, तू औषध पी." "पडू नकोस आता." घरात कुजबुज सुरू झाली, पोरगी रात्री कुणाशी बोलते? चुलत्यानं सांगून टाकलं, लॅपटॉप काढून घ्या, कॉलेज पुरे झालं, स्थळं बघायला लागा. पोरीची माय डोळे पुसत बैठकीला आली.

आम्ही म्हटलं, काढून घ्यायचं ते नंतर बघू. आधी ती काय करते ते तर बघू. दुसऱ्या रात्री चौघी तिच्या मागं जाऊन बसलो. पलीकडं तिच्या होस्टेलातल्या तिघी मैत्रिणी होत्या. एक लातूरची, एक देगलूरची, एक निजामाबादची. चौघी चार गावांत बसून एकाच जंगलात एका जनावरामागं धावत होत्या. आम्ही बघत राहिलो, पण काही उमजेना. पोरगी म्हणाली, "मावशी, नुसतं बघून कळायचं नाही. हातात घ्या." तिनं आमच्यासाठी एक नवी शिकारीण तयार केली आणि दोन्ही हातांत धरायचा रिमोट आमच्याकडं दिला. आळीपाळीनं आठ रात्री आम्ही शिकलो. तेच आज सांगतो, म्हणजे तुमच्या घरात कुणी असं खेळत असेल तर तुम्हालाही शेजारी बसता येईल.

खेळाचं नाव 'मॉन्स्टर हंटर वर्ल्ड'. जपानच्या कॅपकॉम कंपनीचा. या मालिकेतला पहिला खेळ २००४ साली आला, हा २०१८ चा. एकट्यानं खेळता येतो, नाहीतर जास्तीत जास्त चौघांनी मिळून. गावातून मोहीम घ्यायची, जंगलात जायचं, मोठं जनावर शोधायचं आणि त्याला मारायचं किंवा जिवंत धरायचं. बहुतेक मोहिमांना पन्नास मिनिटं मिळतात. जनावराच्या कातड्याहाडांतून नवी हत्यारं, नवं चिलखत बनवायचं आणि आणखी मोठ्या जनावराकडं जायचं. आपली शिकारीण नुसतं खेळून बळकट होत नाही. तिच्या अंगावरचं सामान सुधारतं आणि आपल्या हाताला वळण लागतं, एवढंच.

पहिली गोष्ट हत्याराची. चौदा प्रकारची हत्यारं आहेत. बघून डोळे फिरतात. आमच्यातल्या एकीनं सगळ्यात मोठी तलवार उचलली. ती उगारेपर्यंत जनावर दुसरीकडं निघून जायचं. नव्या बाईनं ढाल-तलवार घ्यावी. हलकी असते, आणि औषध घेताना ती म्यान करावी लागत नाही. एकच हत्यार धरून बसा, रोज बदलू नका. सरावासाठी वेगळी जागा आहे, तिथं अर्धा तास हात चालवून मगच जंगलात जा.

दुसरी गोष्ट, जेवून निघा. आपण सकाळी खुरपायला जाताना भाकर खाऊन निघतो ना, तसंच. तिथं स्वयंपाक मांजरं करतात. जेवलं की जीव आणि दम दोन्ही वाढतात. वर दोन पट्ट्या दिसतात. हिरवी जिवाची, पिवळी दमाची. पळालं, उडी मारून वार चुकवला की पिवळी कमी होते. ती कधीच सगळी संपवू नका. दम संपला की पळता येत नाही, आणि नेमकं तेव्हाच जनावर अंगावर येतं. थोडा दम पळण्यासाठी राखून ठेवायचा.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. आधी बघा, मग मारा. आम्हाला सुरुवातीला ग्रेट जाग्रस नावाचं जनावर मिळालं. अजस्र घोरपडीसारखं. अख्खं सावज गिळतं आणि पोट हे एवढं फुगवून फिरतं. आम्ही समोरून जाऊन नुसती बटणं बडवली, आणि त्यानं आम्हाला लोळवलं. पोरगी म्हणाली, "मावशी, रानडुकराच्या जागलीला तुम्ही काय करता? समोर जाता का?" नाही जात. डुक्कर कुठून येतं, कधी वळतं ते बघतो. इथंही तेच. झेप घेण्याआधी जनावर अंग मागं घेतं. ती खूण ओळखायची, बाजूला व्हायचं, त्याची झेप संपली की दोन वार करायचे आणि परत सरायचं. तिसऱ्या वाराचा मोह नको. आम्ही पडलो ते त्या तिसऱ्या वारापायीच.

जनावराचा किती जीव उरला हे कुठं लिहून येत नाही. ते लंगडायला लागलं की समजायचं, शेवट जवळ आला. तेव्हा ते आपल्या बिळाकडं जाऊन झोपतं. मारायचं नसेल तर सापळा लावून गुंगीचे गोळे टाकायचे, जिवंत धरता येतं. आमच्यातल्या एकीला मारणं बघवत नव्हतं, तिला हेच आवडलं.

चौथी गोष्ट औषधाची. जंगलातली जडीबुटी वेचत चला, तिचंच औषध बनतं. त्यात मध मिसळला की ते जास्त जोराचं होतं. पण जनावराच्या तोंडासमोर उभं राहून औषध पिऊ नका. घोट घेताना वार बसला तर उरलेलं वाया. आधी लांब जा, मग प्या. हत्याराची धार कमी होते, तिचंही तसंच. विळ्याला लावतो तशी धार लावा, पण जनावर दूर गेल्यावर.

पाचवी गोष्ट, एकमेकींत अंतर ठेवा. ज्वारी काढताना आपण विळा घेऊन एकमेकीला चिकटून उभ्या राहत नाही. इथंही आपल्या तलवारीनं सोबतीण पडते. तिला जखम होत नाही, पण तिचा वार हुकतो. दुसरं मोठं जनावर मध्ये आलं तर त्याच्याशीही भांडत बसू नका. त्याला शेणाचा गोळा मारा, ते निघून जातं. हे ऐकून आम्ही इतक्या हसलो की रिमोट खाली पडला.

आता खरी गोष्ट. जीव संपला की शिकारीण बेशुद्ध पडते. मग मांजरं तिला हातगाड्यावर घालून तळावर आणून टाकतात. ती उठून परत जाऊ शकते. पण बहुतेक मोहिमांत असं तीनदा झालं की मोहीम संपते. हे तीन प्रत्येकीचे वेगळे नाहीत, चौघींचे मिळून तीन. एकच तीनदा पडली तरी चौघी रिकाम्या हातानं परततात.

पहिल्या रात्री तिन्ही वेळा आम्हीच पडलो. त्या तीन पोरींची अर्ध्या तासाची मेहनत आमच्यामुळं गेली. आम्ही शरमेनं रिमोट खाली ठेवला. हेडफोनातून निजामाबादची पोरगी म्हणाली, "आंटी, फिर चलते हैं. आप मेरे पीछे रहना." दुसऱ्या वेळी एकजण जनावराला आपल्याकडं वळवत राहिली, दुसरीनं आसपासच्या सगळ्यांना एकदम बरं करणारी पूड वापरली. त्यांनी आम्हाला मारायला शिकवलं नाही. आधी उभं राहायला शिकवलं. नव्या बाईचं पहिलं काम जोरात मारणं नाही, न पडणं हे आहे. आणि जुन्या बाईचं काम नवीला पडू न देणं हे आहे.

त्या रात्री घरी जाताना आम्ही कुणीच फार बोललो नाही. आम्हाला आमच्याच गटातली एक बाई आठवत होती. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या आजारपणात तिचे लागोपाठ तीन हप्ते चुकले. गटाचं नाव खराब होईल म्हणून आम्ही तिला काढून टाकलं. नियमाप्रमाणं बरोबर होतं. पण पहिला हप्ता चुकला तेव्हा तिच्या घरी कुणी गेलं होतं का? कुणीच नाही. ती लंगडत होती, आम्हाला दिसत होतं, आणि आम्ही तिसऱ्याची वाट बघत बसलो.

आता पोरीचं सांगतो. माय चुलत्याला म्हणाली, तुम्हीही एक रात्र बसा. ते बसले. शेवटी फक्त एवढंच विचारलं, "ह्यात पैसे लागतात का?" तुम्हालाही हा प्रश्न पडला असेल. हा खेळ एकदाच विकत घ्यावा लागतो. जादा सजावटीच्या वस्तू विकायला असतात, त्या घेतल्याच पाहिजेत असं नाही. हा पैसे लावून खेळायचा खेळ नाही. तसल्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे. हा फरक घरात माहीत असू द्या.

आम्ही पोरीसोबत बसून नियम ठरवले. बोलणं ओळखीच्या मैत्रिणींशीच. खेळात अनोळखी माणसं मदतीला येऊ शकतात, त्यांना नंबर, फोटो, गावाचं नाव द्यायचं नाही. बँकेचं कार्ड खेळाला जोडून ठेवायचं नाही. कुणी फसवून पैसे काढलेच तर लगेच १९३० या नंबरवर फोन करायचा. परीक्षेच्या महिन्यात खेळ बंद. आणि मोहीम चालू असताना आम्ही मध्येच "ऊठ, पाणी आण" म्हणणार नाही, कारण ती उठली तर पलीकडच्या तिघी अडचणीत येतात. हा शेवटचा नियम तिनं मागितला, आम्ही मान्य केला.

लॅपटॉप तिच्याकडंच राहिला. सुट्टी संपल्यावर ती नांदेडला गेली. स्थळांचं बोलणं घरात अजून अधूनमधून निघतं, पण आता तिची माय गप्प बसत नाही.

आणि त्या बाईच्या घरी आम्ही गेलो होतो. चौघीही. तिनं चहा केला, बसायला सतरंजी टाकली. गटात परत येते असं काही ती म्हणाली नाही. आम्ही पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहोत.

तुमच्या गटात कुणाचा एक हप्ता चुकला असेल, तर दुसऱ्याची वाट बघू नका. आणि घरात पोरगी हेडफोन लावून बसली असेल, तर आधी शेजारी बसा. विचारा, "मला शिकवतेस का?" नमस्कार.