श्वार्ट्झच्या तंजावरात आपले स्वागत



ल्यूथरन वारशावरची मराठी परिषद तंजावरला कशासाठी, असे अनेकांनी विचारले. ल्यूथरन मिशनचा भारतातला पाया इथून शंभरेक किलोमीटरवर, तरंगमबाडीला घातला गेला. 9 जुलै 1706 रोजी त्सीगेनबाल्ग आणि प्ल्युत्शाऊ हे दोन तरुण जर्मन डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयाने तिथे उतरले. त्सीगेनबाल्गनी तमिळ आत्मसात केली, नवा करार तमिळमध्ये आणून तिथेच छापला. तरंगमबाडीला आपण परवा जाणारच आहोत.

पण मराठी माणसाची या वारशाशी गाठ पडते ती तंजावरातच. त्याच मिशनचे ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ इथे भोसल्यांच्या राज्यात राहिले. हैदरअलीच्या स्वारीत किल्ल्यात उपासमार सुरू झाली. धान्य आणायला बैल मिळेनात, कारण आधीचे पैसे बुडाल्यामुळे रयतेचा सरकारवर भरवसाच उरला नव्हता. श्वार्ट्झनी पैशांची हमी स्वतःच्या अंगावर घेतली. बैल आले, धान्य आले, आणि त्यांनी लोकांचे पैसे चुकते केले. पुढे 1787 मध्ये मरणपंथाला लागलेल्या तुळजाराजांनी दत्तकपुत्र सरफोजीला याच माणसाच्या हवाली केले. श्वार्ट्झनी त्याच्या शिक्षणाकडे लक्ष दिले, गादीवरच्या त्याच्या हक्कासाठी कंपनी सरकारकडे बाजू लावून धरली. सरफोजी महाराज अखेरपर्यंत हिंदूच राहिले, आणि त्यांनीच श्वार्ट्झचे स्मारक इंग्लंडच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरात घडवून घेतले. उद्या ते जवळून पाहा. मृत्युशय्येवर श्वार्ट्झ आहेत, त्यांचा हात राजांनी हातात घेतला आहे, आणि जवळच शाळेतली मुले उभी आहेत. धर्मांतराच्या आकड्यांत न मावणारी ही साक्ष मला फार मोलाची वाटते.

ही साक्ष आपल्या शिकवणीशीही जुळते. विश्वासानेच माणूस नीतिमान ठरतो, हे आपण लहानपणापासून शिकतो. ल्यूथरनी त्यातून कर्तव्याला सुट्टी दिली नाही. पुण्य साठवण्याची धास्ती गेली, की माणूस शेजाऱ्यासाठी मोकळा होतो. मग चांभाराचे, शेतकऱ्याचे, घरकाम करणाऱ्या बाईचे कामही देवाचे पाचारण ठरते. आज मात्र कितीतरी ठिकाणी मंडळ्यांच्या जमिनी आणि ट्रस्टच्या निवडणुका कोर्टात अडकून पडल्या आहेत. तरुण मुले उपासनेला येत नाहीत म्हणून आपण मोबाइलला बोल लावतो. माझ्या मते त्यांचा आपल्या कारभारावरचा विश्वास उडाला आहे, आणि तो परत मिळवणे हे आपले, वडीलधाऱ्यांचे काम आहे.

म्हणूनच परिषदेच्या परिपत्रकात आम्ही प्रत्येक मंडळीला गेल्या वर्षीचा जमाखर्च सोबत आणायला सांगितले होते. दुपारच्या सत्रात तो सर्वांसमोर वाचायचा आहे, आणि पहिले प्रश्न तरुणांनी विचारायचे आहेत. खजिनदारांनी कृपया पुढच्या रांगेत बसावे.