रुग्णवाहिका परत गेल्यावर



कामाबद्दल बोल म्हणून मला सांगितलंय. सॉफ्टवेअरवर बोलले तर तुम्ही जेवणाच्या रांगेत जाऊन उभे राहाल. म्हणून सध्या माझे शनिवार-रविवार ज्यात जातात, त्यावर बोलते: रुग्णवाहिकेतल्या उपचारांचं संशोधन.

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ साली सुरू झाली. फोन केव्हा आला, गाडी केव्हा निघाली, केव्हा पोहोचली, याची नोंद होते. पण पेशंट दवाखान्याच्या दारात उतरला की दुसऱ्या नंबरचा केसपेपर सुरू होतो. तो माणूस पुढे बरा होऊन घरी गेला का, हे गाडीतल्या डॉक्टरांना बहुतेक वेळा कळतच नाही. मग गाडीत केलेलं नेमकं काय उपयोगी पडलं, हे ठरवायचं कशावरून?

हृदय बंद पडलं की अ‍ॅड्रेनलिन द्यायचं, ही कित्येक दशकांची पद्धत. ब्रिटनमध्ये वॉरविक विद्यापीठाच्या पुढाकाराने ती तपासून पाहिली. ‘पॅरामेडिक-२’ असं त्या चाचणीचं नाव. पाच रुग्णवाहिका सेवा, आठ हजारांवर रुग्ण. पाकिटं दिसायला सारखी. काहींत औषध, काहींत नुसतं सलाईन. देणाऱ्यालाही माहीत नाही. निकाल २०१८ मध्ये आला. तीस दिवसांनी जिवंत असलेले औषधाच्या गटात ३.२ टक्के, दुसऱ्या गटात २.४. जीव थोडे जास्त वाचले, पण वाचलेल्यांपैकी मेंदूला गंभीर इजा झालेले औषधाच्या गटात ३१ टक्के, दुसऱ्या गटात १८ च्या आसपास. हे पाहून मी दोन दिवस गप्प होते.

आणि बेशुद्ध माणसाची संमती कशी घ्यायची? तिथे लोकांना आधी जाहीर सांगितलं होतं. ज्याला नको, त्याला तसं कोरलेलं कडं हातात घालायला मिळायचं. किती जणांना ते कडं ठाऊक असेल, ही शंका मला रास्तच वाटते.

औषधाची चाचणी आपल्याला करायचीच नाहीये. आपल्याला फक्त दोन नोंदी जोडायच्यात. पेशंटच्या मनगटाला नंबरची पट्टी, तोच नंबर केसपेपरवर, एवढंच. यातलं सॉफ्टवेअर सगळ्यात सोपं! अडतं ते सहीपाशी. एका रुग्णालयात आमची फाइल पाच महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरली. नाही कोणी म्हणालं नाही, पण आकडे बाहेर आले तर जाब आपल्यालाच विचारतील, ही भीती सगळ्यांच्या चेहऱ्यावर. ती खोटी नाही. म्हणून प्रस्तावात पेशंटचं नाव नाही, रुग्णालयाचंही नाही.

आपल्या वर्गात डॉक्टर आहेत, नर्स आहेत, एकजण जिल्हा परिषदेत निवडून आलाय. पैसे मागत नाही. ते शाळेच्या छपरासाठी मागून झालेत. डॉक्टर मंडळींनी हा प्रस्ताव आपल्या एथिक्स कमिटीपुढे न्यावा. आणि मेंबरसाहेब, ग्रामसभेत मला पंधरा मिनिटं मिळवून दे. काय लिहून ठेवणार आणि काय नाही, हे लोकांना आधी सांगायचंय.

प्रती पिशवीत आणल्यात. मराठीत आहे, चारच पानं. विरोध असेल तर तोही लिहा, समास मुद्दाम मोठा सोडलाय.