वेबसाइटचे नाव : कोणाच्या नावावर?

(संस्थेच्या मेळाव्यातील भाषण)



संस्थेची वेबसाइट काढायची ठरते आहे. तिच्या नावाविषयी, म्हणजे डोमेन नेमविषयी, मी दोन शब्द बोलावेत असा कार्यकारिणीचा आदेश आहे.

नावाचे महत्त्व आपल्याला नवे नाही. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढले, १९२७ साली 'बहिष्कृत भारत', १९३० साली 'जनता'. आणि १९५६ साली 'जनता'चेच 'प्रबुद्ध भारत' झाले. नावांचा हा क्रम वाचला तरी चळवळीचा प्रवास कळतो.

आपली अडचण आहे ती रोमन लिपीची. 'बौद्ध' हा शब्द कोणी बी-ए-यू असा लिहितो, कोणी बी-ओ-यू. पुढे डी एक की दोन, यावर पुन्हा वाद. म्हणून फोनवर एकदा सांगितले की सातवीतल्या मुलाला न विचारता लिहिता यावे, असे आटोपशीर नाव घ्यावे. संस्थेचे लांबलचक नोंदणीकृत नाव पूर्ण घालण्याचा आग्रह नको. शेवटी 'डॉट ऑर्ग' संस्थेला शोभते. 'डॉट इन' २००५ पासून सर्वांना खुले आहे, तेही चालेल. २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत'ही मिळते. ते मला मनापासून आवडते, पण ईमेलसाठी ते सगळीकडे स्वीकारले जात नाही. तेव्हा ते जोडीला घ्यावे.

आता खरा मुद्दा. हे नाव विकत मिळत नाही, मुदतीने मिळते. एक वर्षापासून दहा वर्षांपर्यंतची फी भरता येते. पहिल्या वर्षाचा स्वस्त दर पाहून भुलू नका, नूतनीकरणाचा दर आधी विचारा. मुदत चुकली तर काही दिवस सवलत असते, त्यानंतर जबर दंड, आणि मग ते नाव कोणीही घेऊ शकतो. अशी सुटलेली नावे जुगाराच्या जाहिराती लावणारे टिपून असतात. शिष्यवृत्तीची माहिती शोधणारी आपली मुलगी तिथे जाऊन पोहोचली तर काय वाटेल, याचा विचार करा.

आणि नोंदणी कोणाच्या नावे? बहुतेक ठिकाणी उत्साही कार्यकर्ता स्वतःच्या नावे, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डाने करून टाकतो. त्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्याची बदली झाली, मतभेद झाले किंवा तो वारला, की कागदोपत्री मालक तोच! बँकेत संस्थेचे खाते आपण कोणा एकाच्या नावावर उघडतो का? ठराव लागतो, दोघांच्या सह्या लागतात. इथेही तसेच हवे. नोंदणीधारक म्हणून संस्थेचे नाव, ईमेल पदाचा, पासवर्ड सचिव व खजिनदार दोघांकडे, आणि पदभार देताना तो लेखी द्यायचा. नोंदणीनंतर ईमेलची पडताळणी येते. पंधरा दिवसांत ती केली नाही तर नाव बंद पडू शकते.

ठरावाचा मसुदा मी सचिवांकडे दिला आहे. नावे मात्र विद्यार्थ्यांनी सुचवावीत. प्रत्येकाने तीन नावे चिठ्ठीवर, रोमन स्पेलिंगसह, येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात आणून द्यावीत.

जय भीम.