मुलाचे ‘मी’पण आणि घरची बोली
(पेडणे येथे पालक व शिक्षक यांच्या बैठकीत एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण)



अशा प्रसंगी शिक्षकाने आपल्या यशाच्या गोष्टी सांगाव्यात, असा प्रघात आहे. मी मात्र आज माझ्या एका अपराधापासून आरंभ करणार आहे. डिचोली तालुक्यातील एका खेड्यात मी पहिलीचा वर्ग शिकवीत होतो. शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नसेल. एक लहानगा उभा राहून म्हणाला, “म्हाका उदक जाय.” मी त्याला मध्येच थांबविले आणि म्हटले, “असे नव्हे. ‘मला पाणी हवे’ असे म्हण.” वर्ग हसला. मुलगा खाली बसला. त्या दिवशी त्याने पाणी मागितलेच नाही. किंबहुना दिवाळीपर्यंत त्याने वर्गात काहीच मागितले नाही. त्याची तहान मला ऐकू आली नव्हती. मला ऐकू आली होती ती केवळ त्याची चूक.

त्या मुलाचे मी नेमके काय हिरावून घेतले, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले. मूल भाषा शिकते ती शाळेत नव्हे. जन्मतः एकदोन दिवसांतच ते आपल्या आईचा आवाज परक्या बाईच्या आवाजाहून वेगळा ओळखते, असे 1980 साली प्रयोगाने दाखविण्यात आले. पुढे 1984 साली कॅनडातील वर्कर आणि टीस या संशोधकांनी हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ हे उच्चार इंग्रजी भाषी घरांतील तान्ह्या मुलांना ऐकविले. सहा ते आठ महिन्यांच्या मुलांना त्यांतील भेद कळत होता. वर्षाच्या आतबाहेर बहुतेकांची ती शक्ती मावळली होती. तात्पर्य, मूल बोलू लागण्यापूर्वीच त्याचा कान घरच्या बोलीच्या मापाने घडलेला असतो. आणि हे कार्य माणसाकडूनच होते. पॅट्रिशिया कूल यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन मुलांनी चिनी भाषेतील उच्चारभेद समोर बसून खेळविणाऱ्या माणसाकडून आत्मसात केले. तेच बोलणे पडद्यावरून ऐकणाऱ्यांच्या पदरी काही पडले नाही. मुलाच्या हाती मोबाईल देऊन निश्चिंत होणाऱ्या पालकांनी हे ध्यानी घ्यावे.

भाषेच्या पाठोपाठ ‘मी’ येतो. नकळत कपाळाला वा नाकाला रंग लावून मुलास आरशापुढे धरले, तर साधारण दीड ते दोन वर्षांच्या सुमारास त्याचा हात आरशाकडे न जाता स्वतःच्या तोंडाकडे जातो. त्याच सुमारास ते स्वतःला नावाने संबोधू लागते: “बाळाला दे.” ‘मी’ हा शब्द त्यास अवघड वाटावा, यात नवल नाही. आई स्वतःस ‘मी’ म्हणते, बाबाही ‘मी’ म्हणतात. मग आपण कोण? हा शब्द कोणा एकाचा नसून बोलणाराचा आहे, हे मूल उत्तरे मिळता मिळता शिकते. त्याने हाक मारावी आणि कोणी ‘ओ’ द्यावी, यातूनच त्याचे मीपण आकारास येते.

हा ‘मी’ आपल्या या टापूत दोन रूपांनी येतो. घरी मूल ‘हांव’ म्हणते, शाळेत ‘मी’. घरी लहान मुलीस ‘चेडूं’ म्हणतात, आणि ते नपुंसकलिंगी असल्याने ‘तें आयलें’ असे तिच्याविषयी बोलतात. शाळेत तीच मुलगी ‘ती आली’ होते. पाटी-दप्तराबरोबर तिच्यावर नवे व्याकरणही येते. हा बदल सोपा नाही. परंतु तो अपायकारकही नाही. दोन भाषांनी मुलाची बुद्धी गोंधळते, हा समज पूर्वी विद्वानांतही होता. माँट्रियल येथील पील आणि लॅम्बर्ट यांनी 1962 साली दहा वर्षांच्या मुलांची परीक्षा घेऊन त्या समजास मोठा धक्का दिला. अपाय होतो तो एका भाषेने दुसरीची नालस्ती केल्याने.

रशियन विचारवंत विगोत्स्की यांचा ‘विचार आणि भाषा’ हा ग्रंथ 1934 साली प्रसिद्ध झाला. खेळता खेळता मूल स्वतःशी मोठ्याने बोलते, ते बोलणे पुढे आत वळते आणि त्याचा विचार बनते, असे त्यांनी प्रतिपादिले. हे जर खरे असेल, तर मुलाच्या बोलीला आपण हसतो, तेव्हा उद्या ज्या आवाजात ते मनाशी विचार करणार, त्या आवाजालाच आपण हसत असतो.

मराठीवर माझे प्रेम आहे, आणि म्हणूनच हे बोलण्याचे धाडस करीत आहे. पोर्तुगीज अमदानीत देवळांच्या पडव्यांतून मराठी शाळा चालल्या. त्या शाळांत येणारी मुले घरची बोली घेऊनच येत होती. या पेडण्यातील विर्नोडा येथील सरकारी महाविद्यालय ज्यांचे नाव धारण करते, त्या संत सोहिरोबानाथ आंबिये यांनी मराठीत रचना केली. तर 1877 साली डिचोलीत जन्मलेल्या शणै गोंयबाबांनी आपली लेखणी कोंकणीसाठी झिजविली. वडीलधाऱ्यांच्या भाषावादात कोणता पक्ष घ्यावा, हे मूल मोठेपणी ठरवील. सहाव्या वर्षी त्याच्यावर त्या वादाचा भार टाकू नये.

तोच भार आज इंग्रजीच्या नावानेही पडतो आहे. घरी ज्या भाषेत आई रागावते, समजावते आणि गोष्ट सांगते, ती सोडून तिने चार पढविलेली इंग्रजी वाक्ये बोलावीत, अशी अपेक्षा करण्यात येते. इंग्रजी अवश्य शिकवावी; परंतु आईला मुकी करून नव्हे. जेथे शक्य असेल तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून वा मातृभाषेतून शिक्षण द्यावे, असे 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सांगितले आहे.

शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती एवढीच: मुलाने मागितलेली वस्तू आधी द्या, शब्द मागाहून सुधारा. ‘उदक’ आणि ‘पाणी’ हे दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहा. ‘उदक’ हा शब्द तर संस्कृतातलाच. तो मुलाने घरून आणलेला ठेवा आहे, हे वर्गाला सांगा. पालकांना विनंती ही, की मुलाने दिवसाची हकीकत सांगितली तर ती शेवटपर्यंत ऐका, मध्ये दुरुस्ती करू नका.

त्या मुलाला दिवाळीनंतर मी एके दिवशी जवळ बोलावून विचारले, “तुका उदक जाय?” तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “हवे.” मी घातलेला धडा तो शिकला होता, माझा धडा मात्र मी त्या दिवशी शिकलो.