चाचणी कोणत्या यंत्रावर घ्यावी?
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपल्या लातूर-नांदेडकडे गुणांची चर्चा पुष्कळ होते. आज मी गुणपत्रिकेत कधीच न येणाऱ्या एका भांडणाविषयी बोलणार आहे. रास्पबेरी पाय नावाचा तळहातावर मावणारा संगणक २०१२ साली इंग्लंडमध्ये निघाला. छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्या मुलांत त्यावरून दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ह्या संगणकाला स्वतःच्याच पिना आहेत, तेव्हा सेन्सर थेट त्यालाच जोडून तपासा. दुसरा म्हणतो, मध्ये आर्डुइनोसारखा मायक्रोकंट्रोलर ठेवा आणि संगणकाला यू.एस.बी.च्या तारेने त्याच्याशी नुसते बोलू द्या.

पालकहो, हे पोरांचे भांडण आहे असे आपण म्हणाल. परंतु ज्या घरी एकच संगणक आहे आणि तोही हप्त्याने घेतलेला, तिथे ते केवळ पोरांचे राहत नाही.

ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या मुलांना ओल आणि दमटपणा मोजण्याचे वेड लागले तर नवल नाही. त्यासाठी डी.एच.टी. ११ हा स्वस्त सेन्सर बहुतेक मुले घेतात. तो आपले उत्तर एकाच तारेवरून देतो. सुमारे २७ मायक्रोसेकंदांची खूण म्हणजे शून्य आणि ७० ची म्हणजे एक. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. रास्पबेरी पाय एकाच वेळी अनेक कामे सांभाळीत असतो. नेमक्या त्या क्षणी तो दुसरीकडे गुंतला की खूण हुकते आणि मुलगा चांगला सेन्सर खराब समजून फेकून देतो. मायक्रोकंट्रोलरला मात्र तेवढे एकच काम असते.

दुसरी गोष्ट व्होल्टची. आर्डुइनो उनो ५ व्होल्टवर चालते, तर पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. उनोची तार सरळ पायच्या पिनेला लावली, तर पाय कायमचा निकामी होऊ शकतो. तारेत एक किलोओहमचा रोध घालावा आणि पिनेपासून जमिनीच्या तारेकडे दोन किलोओहमचा, म्हणजे ५ चे सुमारे ३.३ होतात. दोन्ही रोध मिळून एका कप चहाइतकाही खर्च येत नाही.

ह्या चाचण्यांचा इतिहासही गमतीचा आहे. ज्या १९८१ साली नांदेडला श्री गुरु गोविंदसिंगजींच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, त्याच साली इंग्लंडात एकॉर्न कंपनीने बी.बी.सी. मायक्रो हा संगणक काढला. १९८४ साली आपल्या सरकारने शाळांसाठीच्या 'क्लास' योजनेत हाच संगणक घेतला. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी रचलेली पहिली ए.आर.एम. चिप २६ एप्रिल १९८५ रोजी ह्याच बी.बी.सी. मायक्रोला जोडून तपासली गेली. चिप चालली, पण वीज मोजायला गेले तर काटा शून्यावर! चिपची वीजजोडणीच राहून गेली होती आणि बाजूच्या संदेशाच्या तारांतून झिरपणाऱ्या विजेवर ती चालत होती. आज रास्पबेरी पायमध्ये ए.आर.एम.चाच वंशज आहे. त्या मंडळींना ती आनंदाची बातमी होती. आपल्या टेबलावर मात्र अशीच चोरवाटेने शिरणारी वीज बंद असलेल्या पायच्या पिना खराब करू शकते. म्हणून आधी पाय सुरू करावा, मग बाहेरचा संदेश जोडावा.

माझे मत विचाराल तर नवशिक्यासाठी दुसरा तट बरोबर आहे. उनोच्या मूळ प्रकारात चिप खोबणीत बसवलेली असते, जळाली तर उपटून नवी बसवता येते. पायची चिप पक्की डाकलेली असते. पहिल्या तटाचेही थोडे ऐकावे. दिवा लावणे, बटण वाचणे ही कामे पायवर थेट करायला हरकत नाही, आणि त्यात जी समज येते ती तयार प्रोग्रॅम उतरवून येत नाही.

मुलगा किंवा मुलगी "काहीच चालत नाही" म्हणून रडकुंडीला आली, तर संगणक उचलून कपाटात ठेवू नका. यू.एस.बी.-सिरियलच्या पट्टीवर टी.एक्स. आणि आर.एक्स. ह्या दोन पिना एका तारेने जोडायला सांगा आणि एक अक्षर टाइप करायला लावा. ते पडद्यावर परत आले, तर संगणक आणि पट्टी ठीक आहेत, बिघाड पुढे कुठेतरी आहे. न आले, तर आधी तार बदलून पाहा.