निबंध आणि निवेदन

(धारूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत आजच्या सत्राचा विषय 'महाविद्यालयातील निबंधलेखन व चिकित्सक वाचन' असा छापला आहे. ऊसतोडीचा दर, पिण्याचे पाणी, रोजगार हमीची रखडलेली मजुरी असे विषय दारात उभे असताना दीड तास निबंधावर कशाला खर्च करावयाचा, असा प्रश्न काही कार्यकर्त्यांच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. ज्याला आपले म्हणणे कागदावर मांडता येत नाही आणि दुसऱ्याने लिहून आणलेल्या कागदातील खोच ओळखता येत नाही, त्याच्या श्रमाचा दर दुसराच कोणी ठरवत असतो. तेव्हा हा विषय ऊसतोडीच्या बाहेरचा नाही.

बालाघाटच्या या डोंगरपट्ट्यातील मुलगा शाळेत पहिला निबंध लिहितो तो बहुधा 'पावसाळ्यातील एक दिवस' हा. त्यात धरणी हिरवा शालू नेसते, झरे खळखळतात आणि मोर पिसारा फुलवतो. प्रत्यक्षात त्या वर्षी मृगाचा पाऊस झालेला नसतो आणि मुलगा सकाळी टँकरपुढे घागर लावून शाळेत आलेला असतो. पुढे 'एका शेतकऱ्याचे मनोगत' येते. शेतकऱ्याचाच मुलगा, पण बापाचे मनोगत तो गाइडातून पाठ करतो! 'मी बळीराजा, जगाचा पोशिंदा' अशी सुरुवात केली की गुण मिळतात. बापाने गेल्या हंगामात उचल किती घेतली, फेडली किती आणि उरली किती, हे लिहिले तर गुण मिळतील याची त्याला खात्री नसते. तसे कोणी त्याला सांगितलेलेही नसते. हाच विद्यार्थी बी. ए.च्या वर्गात येतो तेव्हा लेखन म्हणजे दुसऱ्याची वाक्ये नीटनेटकी उतरवणे, अशी त्याची पक्की समजूत झालेली असते. आता तर मोबाइलवर विषय टाकला की निबंध तयार होऊन येतो. गाइड निदान विकत तरी घ्यावे लागत असे.

या समजुतीला मराठवाड्यात एक जुना इतिहासही आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. हैदराबादला १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. उर्दूशी भांडण असण्याचे कारणच नाही. पण खेड्यातील मराठी कुणब्याच्या दृष्टीने कागद म्हणजे दुसऱ्याकडून वाचून घ्यावयाची वस्तू झाली. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये स्थापन झाले, गावोगाव महाविद्यालये निघाली, कागद मराठीत आला. कागदाचा धाक मात्र मराठीत येऊनही कायम राहिला.

याच्या अगदी उलट उदाहरण मराठीच्या इतिहासात आहे, आणि ते एका शाळकरी मुलीचे आहे. मुक्ता साळवे ही पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी, मांग जातीतील चौदा वर्षांची मुलगी. तिने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्या निबंधात करुणा आहेच. पण त्याचे खरे बळ युक्तिवादात आहे. वेद वाचण्याचा अधिकार फक्त ब्राह्मणांना असेल तर ते पुस्तक आमचे नाही, आणि पुस्तक आमचे नसेल तर आमचा धर्म कोणता, अशा वळणाने ती विचार पुढे नेते. प्रतिपक्षाचेच विधान घ्यावयाचे आणि त्यातून निघणारा निष्कर्ष त्याच्यासमोर ठेवावयाचा! तर्कशास्त्राची पदवी घेतलेल्यांनाही हे सहज साधत नाही. याच निबंधात बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या बाईचे हाल आहेत. उसाच्या फडाशेजारच्या कोपीत बाळंत झालेल्या बाईची मुलगी आज धारूरच्या वर्गात बसलेली असू शकते. तिच्या अभ्यासक्रमात हा निबंध असो वा नसो, तिच्या हाती तो पडला पाहिजे.

दुसरे उदाहरण विद्यापीठाच्या वर्गातले. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कमध्ये, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासवर्गात, नुकतीच पंचविशी गाठलेल्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तो आज ग्रंथ म्हणून वाचला जातो, म्हणून मूळचे ते एका विद्यार्थ्याचे वर्गातले काम होते हे विसरायला होते. त्याची रीत पाहण्याजोगी आहे. सेनार्ट, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले केतकर (पुढे ज्ञानकोशकार झाले तेच) यांनी केलेल्या जातीच्या व्याख्या ते एकापाठोपाठ एक समोर ठेवतात. कोणती कोठे अपुरी पडते ते दाखवतात. केतकरांची व्याख्या त्यांना अधिक मोलाची वाटते. तरीही आंतरजातीय विवाहास बंदी आणि जन्मानेच सभासदत्व ही केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे वस्तुतः एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, असे सांगून ते जातीअंतर्गत विवाहाच्या मुद्द्यावर बोट ठेवतात. ज्याच्याशी बरेचसे पटते त्याच्याशीही कोठे पटत नाही हे नेमके सांगणे, यालाच चिकित्सक वाचन म्हणतात. आणि अखेरीस, आपले मत चुकीचे ठरल्यास ते सोडण्याचीही तयारी ते नोंदवतात. हे शेवटचे चळवळीतल्या मंडळींना सर्वांत जड जाते.

आपल्याकडे नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी हीच रीत मराठीत रुजवली. रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला त्यांची जी प्रस्तावना आहे, ती मुळात लेखकाला लिहिलेले दीर्घ पत्र आहे. स्नेह्याच्या पुस्तकाचीही गय न करता वाचावे कसे, याचा तो नमुना आहे.

आता बीड जिल्ह्यातील एक कागद वाचून पाहू. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये महाराष्ट्रभर गाजला. एका पाहणीत सुमारे २०० स्त्रियांपैकी ३६ टक्के स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झालेली आढळली होती. पुढे शासनाने नेमलेल्या समितीच्या निमित्ताने जिल्ह्यात मोठी पाहणी झाली. तीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली निघाली, म्हणजे सुमारे १७ टक्के. सभेत बोलणारा ३६ उचलतो, कारण तो आकडा टाळी घेतो. बचाव करणारा १७ उचलतो आणि पहिला आकडा खोटा होता म्हणतो. चिकित्सक वाचन करणारा विद्यार्थी आधी विचारतो की किती जणींना विचारले, त्या कशा निवडल्या, कोणत्या वयाच्या होत्या, आणि तुलना कोणाशी करावयाची? २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांत हे प्रमाण ३.२ टक्के होते. वयोगटातला फरक जमेस धरूनही १७ हा आकडा पुरेसा भयंकर आहे. म्हणजे प्रश्न मांडण्यासाठी मोठ्या आकड्याची गरजच नव्हती. उलट, कच्चा आकडा वापरल्याने खऱ्या दुःखावर संशय घेण्याची संधी दुसऱ्या पक्षाला मिळते.

आकड्यांप्रमाणे शब्दही वाचावे लागतात. 'कोयता' हा शब्द या तालुक्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. पण हिशोबाच्या वहीत हा शब्द काय काम करतो ते पाहा. दोन माणसे राबतात, नोंद एका कोयत्याची होते, उचल पुरुषाच्या नावे लागते. बाईची मजुरी वेगळी नोंदलीच जात नाही, म्हणून ती किती हे विचारताही येत नाही. एखादा एकटा गडी टोळीत गेला तर तो 'अर्धा कोयता'. एका शब्दात अर्धे अर्थशास्त्र दडलेले आहे. त्या शब्दावर विद्यार्थ्याने दोन पाने लिहिली, तर कित्येक प्रबंधांत सापडत नाही ते त्यात सापडेल.

मग वर्गात असे का होत नाही? सगळा दोष प्राध्यापकाच्या माथी मारणे सोपे आहे. पण हिशोब करून पाहावा. वर्गात १०० विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाचा निबंध नीट वाचून, खुणा करून, दोन ओळींचा अभिप्राय द्यावयास १५ मिनिटे लागतात असे धरले, तर एका निबंधाच्या फेरीस २५ तास लागतात. दुसरा खर्डा लिहून घ्यावयाचा तर आणखी २५. लेखन सुधारते ते दुसऱ्या खर्ड्यात, पहिल्यात नव्हे. आणि ग्रामीण महाविद्यालयांत शिकवण्याचा मोठा भार तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांवर आहे. त्यांना मोबदला मिळतो तो घेतलेल्या तासाचा. घरी बसून तपासलेल्या वहीचा नाही. ज्या श्रमाची किंमत शून्य ठरवली आहे तो श्रम होत नाही, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. रिक्त पदे भरण्याची मागणी करताना संघटनांनी वह्या तपासण्याचे तासही कामाच्या तासांत धरावेत असा आग्रह धरला, तर ती मागणी विद्यार्थ्यांचीही होईल.

येथे थोडे घरचेही बोलले पाहिजे. तहसील कार्यालयात कार्यकर्ते जी निवेदने देतात ती काढून पाहावीत. 'वरील विषयास अनुसरून' अशी सुरुवात, मध्ये 'तीव्र अन्याय', शेवटी 'अन्यथा लोकशाही मार्गाने आंदोलन छेडण्यात येईल, होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील'. गावाचे नाव बदलले की तेच निवेदन दुसरीकडे चालते. किती मजुरांची, कोणत्या कामावरची, किती आठवड्यांची मजुरी थकली आणि नियमाप्रमाणे ती कधी मिळावयास हवी होती, हे त्यात क्वचितच असते. हिरव्या शालूचा निबंध आणि हे निवेदन ही एकाच शाळेची अपत्ये होत. असे निवेदन फाइलीत ठेवणे कारकुनाला अवघड जात नाही, कारण उत्तर द्यावे लागेल असा प्रश्नच त्यात नसतो.

धारूरमध्ये काही करावयाचे तर त्यासाठी नवा अभ्यासक्रम मंजूर होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. महाविद्यालयातील मराठीच्या आणि अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांची संमती घेऊन दर आठवड्यास दोन तासांचा एक लेखनवर्ग चालवता येईल. वीसच्या वर मुले-मुली घेऊ नयेत, कारण वर केलेला हिशोब येथेही लागू आहे. तपासण्याचे काम निवृत्त शिक्षकांनी वाटून घ्यावे. प्रत्येक वेळी एक कागद वाचावा. शासनाचा निर्णय, वर्तमानपत्रातील अग्रलेख, मुकादमाचा करारनामा यांपैकी काहीही चालेल. पक्षाचे पत्रकही त्यातून सुटता कामा नये. लिहिणारा कोण, त्याने काय गृहीत धरले, पुरावा कोणता दिला आणि काय सांगावयाचे टाळले, एवढे विचारून झाल्यावर प्रत्येकाने स्वतःच्या वाक्यांत एक पान लिहावे. आठवड्याने तेच पान पुन्हा लिहावे.

वेळ मात्र कारखान्यांच्या हंगामाप्रमाणेच ठरवावी लागेल. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघाल्या की निम्मा वर्ग रिकामा होतो. कोणी फडावर जातो, कोणी धाकट्या भावंडांना सांभाळायला मागे राहतो. म्हणून वर्ग जुलैमध्येच सुरू व्हावा आणि निघण्यापूर्वी प्रत्येकास एक वही द्यावी. पट्टा पडून टोळ्या परत येतील तेव्हा त्या वहीत रोजच्या मोळ्या, भरलेल्या गाड्या, मिळालेले वजन, उचलीतून वळती झालेली रक्कम आणि बाईचे कामाचे तास लिहिलेले असावेत. त्यावरून पुढच्या वर्षीचा पहिला निबंध लिहावयाचा: 'आमच्या घरचा गेला हंगाम'.